खुर्च्यांच्या सीट्स घरच्या घरी: कापड सगळ्यात शेवटी

खुर्च्यांच्या सीट्स बदलायचं डोक्यात आलं की आपण पहिलं काय करतो तर कापड बघायला लागतो. रंग कुठला, पडद्यांना मॅच होतंय का, फुलं हवीत का प्लेन, फोनमध्ये ढीगभर फोटो सेव्ह. घरात त्यावर दोन दिवस चर्चा. पण डायनिंगच्या खुर्च्या, अभ्यासाची खुर्ची आणि बाबांचं जुनं स्टूल एवढं सगळं उलटंपालटं करून झाल्यावर माझं ठाम मत झालंय की कापड हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे, आणि तो सगळ्यात शेवटी येतो. बसायला कसं वाटणार, सीट किती वर्षं टिकणार हे कापडाच्या खाली ठरतं, आणि खाली काय चाललंय ते खुर्ची उलटी केल्याशिवाय कळत नाही.

तर आधी खुर्ची उलटी करा. खालून चार कोपऱ्यांत स्क्रू दिसत असतील तर काम सोपं आहे, स्क्रू काढले की सीट फळीसकट वेगळी हातात येते. ही पोस्ट त्याच प्रकाराबद्दल आहे. सीट फ्रेममध्ये नुसती वरून बसवलेली असेल, स्क्रू नसतील, तर खालून बुक्कीने ढकलली की निघते.

एक गोष्ट मात्र पहिल्या स्क्रूच्या आधी करायची, खुर्च्यांना आणि सीट्सना नंबर टाकायचे. खुर्ची १ ची सीट खुर्ची १ लाच. दिसायला सगळ्या सारख्या असतात पण स्क्रूची भोकं एकाची दुसऱ्याला जुळतीलच असं नाही, आणि मग सगळं छान झाल्यावर शेवटी तिसरा स्क्रू लागतो आणि चौथा लागत नाही, त्यापेक्षा वैताग नाही. फळीच्या खालच्या बाजूला पुढची दिशा दाखवणारा बाण पण काढून ठेवा. स्क्रू छोट्या पिशवीत घालून त्याच खुर्चीच्या पायाला टेपने चिकटवायचे. मधेच एखादा स्क्रू हरवला आणि त्याजागी घरातला कुठलातरी लांब स्क्रू ठोकून दिला तर तो फळीतून आरपार जाऊन फोममध्ये घुसतो, आणि बसणाऱ्याला ते लगेच समजतं.

आता कापड फळीला धरून ठेवणाऱ्या स्टेपलच्या पिना काढणे. हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि याबद्दल कोणी सांगत नाही कारण व्हिडिओत हा भाग फास्ट फॉरवर्ड केलेला असतो. चपटा स्क्रूड्रायव्हर पिनेखाली घालायचा, जरा पिळायचा, एक पाय वर आला की पक्कडीने ओढायची. अर्धी तुटली तर तिच्या मागे लागू नका, हातोडीने आत ठोकून टाका. पिना उडतात, चष्मा असेल तर लावा, नसेल तर साधा प्लास्टिकचा गॉगल. खाली जुनी चादर अंथरायची आणि काम झालं की चादरीवरून आणि आजूबाजूच्या फरशीवरून लोहचुंबक फिरवायचं. घरात कोणी ना कोणी अनवाणी फिरत असतंच.

कापड काढलं की खरी गंमत. आमच्या एका सीटमध्ये वरचं कापड, त्याखाली आणखी एक कापड, त्याखाली रेक्झिन आणि मग फोम, म्हणजे प्रत्येक वेळी जुन्यावरच नवीन चढवलेलं. फोमला बोट लावलं तर भुगा. वरून पिवळट तपकिरी, मधे बसायच्या जागी पापडी धरलेली आणि कडेला दाबलं की चुरा होऊन खाली पडत होता, बारीक रवाळ पूड, ती नाकात जाते म्हणून मास्क लावा हे आधीच सांगायला हवं होतं. हा पॉलियुरेथेनचा फोम. पॉलियुरेथेनचा शोध ओटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये जर्मनीत लावला, आणि मऊ फोम बाजारात आला तो १९५० च्या दशकात, त्याआधी खुर्चीच्या आत काथ्या, कापूस, घोड्याचे केस असलं काय काय असायचं. फोम उजेडाने पिवळा पडतो, आणि हवा, उष्णता, दमटपणा यांनी हळूहळू आतून खचतो. पिवळा झाला म्हणजे गेला असं नाही, दाबून सोडल्यावर तो परत वर येतो का हे बघायचं. नाही आला तर गेला.

बाबांच्या स्टुलात मात्र काथ्या निघाला, त्यावर कापसाचा थर. बाबा बाजूलाच उभे होते, म्हणाले, "अगं फेकू नकोस तो, उन्हात टाक आणि पिंजून घे, अजून माझ्याइतकी वर्षं काढेल." मी म्हटलं, "बाबा, तुम्ही बसणार आहात ना त्यावर, मग तुम्हीच पिंजा." आणि बसले खरंच पिंजत. कापूस आणि काथ्याचं हे बरं आहे, दबला तरी मोकळा करून परत वापरता येतो, फोमचा एकदा भुगा व्हायला लागला की त्याला काही उपाय नाही.

इथेच ढेकूण पण बघून घ्या. नको वाटतं पण बघा. कापडाच्या दुमडी, पिनांची ओळ, स्क्रूची भोकं, या त्यांच्या आवडत्या जागा. काळे बारीक ठिपके दिसले तर जुना माल सगळा पिशवीत घट्ट बांधून थेट घराबाहेर, आणि खुर्चीची फ्रेम नीट साफ केल्याशिवाय नवीन काही चढवायचं नाही.

मग फळी. बहुतेक वेळा प्लाय असतो. त्याचे पापुद्रे सुटलेत का, मधे वाकलाय का, कोपरा तुटलाय का बघा. खराब असेल तर जुनी फळीच नवीन प्लायवर ठेवून पेन्सिलने आकार काढायचा आणि १२ मिमीचा प्लाय तसा कापून घ्यायचा, हे सुताराकडून करून घेतलं तरी चालतं. स्क्रूचं भोक मोठं झालं असेल आणि स्क्रू नुसताच फिरत असेल तर काडेपेटीच्या काड्या गोंदात बुडवून त्यात ठासायच्या, वाळल्या की वरच्या वर कापायच्या, स्क्रू परत घट्ट बसतो. आणि रेक्झिन लावणार असाल तर फळीला ड्रिलने चार-पाच भोकं पाडा. कापडातून हवा जाते, रेक्झिनमधून जात नाही, मग बसलं की आतली हवा कुठेतरी वाट काढते, सीट फुस्स करते आणि शिवणीवर ताण येतो.

आता फोम. सगळ्यात जास्त डोकं (आणि बजेट) इथे घालवा असं माझं म्हणणं आहे.

फोम घ्यायला गेलं की 'डेन्सिटी' हा शब्द ऐकू येतो, ३२ डेन्सिटी, ४० डेन्सिटी. याचा अर्थ साधा आहे, एक घनमीटर फोमचं वजन किती किलो. ४० डेन्सिटी म्हणजे घनमीटरला ४० किलो. आणि लोक समजतात की डेन्सिटी जास्त म्हणजे फोम कडक. तसं नाहीये. कडकपणा वेगळा, डेन्सिटी वेगळी. मऊ असून जास्त डेन्सिटीचा फोम असतो आणि कडक असून हलका पण असतो, आणि हा दुसरा सगळ्यात फसवा कारण हाताला दणकट लागतो आणि काही महिन्यांत खड्डा पडतो. टिकणं मुख्यतः डेन्सिटीवर असतं. रोज बसायच्या खुर्चीला मी ३२ च्या खाली जात नाही, शक्यतो ४०.

दिलेला फोम खरंच ४० चा आहे का हे ओळखायची एकदम सोपी युक्ती म्हणजे वजन करा. १८ बाय १८ इंच, २ इंच जाडीचा तुकडा ४० डेन्सिटीचा असेल तर साधारण ४२० ग्रॅम भरतो. २० चा असेल तर त्याच्या निम्मा, म्हणजे २१० ग्रॅमच्या आसपास. स्वयंपाकघरातल्या काट्यावर होतं हे काम, अंगठ्याने दाबून बघण्यापेक्षा शंभरपट बरं. अंगठ्याला काहीच कळत नाही, तो काय खुर्चीवर बसत नाही. बसून बघायचं असेल तर तुकडा फळीवर ठेवून त्यावर चांगलं पाच मिनिटं बसा, खाली फळी टेकतेय असं वाटलं तर तो फोम एकतर पातळ आहे किंवा फारच मऊ.

त्यावर लोक काय करतात तर जाडी वाढवतात. ४ इंच टाका, मस्त गुबगुबीत होईल! नका करू. डायनिंग टेबल साधारण ३० इंच उंच असतं आणि खुर्चीची बैठक १८ इंचाच्या आसपास, मधल्या १२ इंचात टेबलाच्या फळीची जाडी पण आली आणि आपल्या मांड्या पण. सीट दोन इंचांनी वर गेली की गुडघे टेबलाला लागतात, पाय अधांतरी, आणि ज्या खुर्चीला हात आहेत ती टेबलाखाली सरकेनाशी होते. जाडी तीच ठेवायची, आतला माल बदलायचा. मला सगळ्यात आवडलेली जोडी म्हणजे खाली १ इंच बॉन्डेड फोम आणि वर १ इंच ४० चा मऊ फोम. बॉन्डेड म्हणजे फोमच्या रंगीबेरंगी तुकड्यांचा चुरा चिकटवून दाबून केलेला, भरपूर जड आणि कडक असतो, एकट्यावर बसवत नाही पण खाली टाकला तर फळी टेकू देत नाही. दोन्ही थर मधे थोडंसं सोल्युशन लावून चिकटवले की झालं. सोल्युशन लावताना खिडक्या उघड्या आणि आसपास गॅस, उदबत्ती काही नको, ते पटकन पेट घेतं.

कापताना फोम फळीपेक्षा सगळीकडून पाव इंच मोठा ठेवायचा. कापड ओढल्यावर तो दाबला जाऊन कडा भरीव दिसतात, बरोब्बर मापाचा कापला तर कडेला फळीची धार जाणवते. कापायला लांब पात्याचा कटर, पातं पूर्ण बाहेर काढून, आणि फोम न दाबता हलक्या हाताने तीन-चार वेळा त्याच रेषेवरून. दाबून एका झटक्यात कापलं की कड आत वळते. दातेरी लांब सुरी पण चालते. कात्री अजिबात नाही.

फोमवर पॉलिएस्टरचं वॅडिंग, म्हणजे ते पांढरं, हलकं, रजईच्या आत असतं तसं. बरेच जण हे गाळतात. वॅडिंगने सीट गोलसर दिसते हे आहेच, पण खरा फायदा असा की कापड फोमला घासत नाही. फोम कापडाला धरून ठेवतो, ओढताना ते सरकत नाही आणि वर सुरकुत्या राहतात. वॅडिंगवरून कापड सहज सरकतं. कडेपर्यंत येईल एवढंच ठेवा, खाली दुमडून कोपऱ्यात गठ्ठा करू नका.

त्यावर मी मांजरपाट लावते. हो, साधं कोरं मांजरपाट, वरच्या कापडाच्या आत. हे माझं खूळ समजा हवं तर, घरात सगळे हसले होते. पण फोमला आकार मांजरपाटाने एकदा दिला की वरच्या कापडावर ताण कमी येतो, शिवाय पुढच्या वेळी फक्त वरचं कापड काढायचं आणि नवीन लावायचं, आतलं काही उघडायला लागत नाही. आणि सराव पण होतो! कोपरे आधी मांजरपाटावर करून बघायचे, ते वाकडे आले तरी कोणाला दिसणार आहेत.

आणि आता कापड, आलं एकदाचं.

सोफ्याचं कापड बहुतेक ५४ इंच पन्ह्याचं असतं. १८ इंचाची सीट, दोन इंच फोमची बाजू, अर्धा इंच फळी आणि खाली दुमडायला दोन इंच, म्हणजे दोन्हीकडून साडेचार साडेचार, टोटल २७ इंच. म्हणजे पन्ह्यात बरोब्बर दोन सीट्स बसतात, चार खुर्च्यांना दीड मीटर पुरतं, सहा खुर्च्यांना सव्वादोन मीटर घ्या. हे प्लेन कापडाचं. डिझाइन मोठं असेल आणि प्रत्येक सीटवर फूल मधोमध यायला हवं असेल तर हा हिशोब कोलमडतो, कधी कधी जवळपास दुप्पट लागतं. चौकटी आणि पट्ट्या तर मी पहिल्या वेळी घ्यायला सांगणारच नाही, पट्टी अर्धा सेंटिमीटर तिरकी गेली तरी टेबलाभोवती ओळीने सगळ्यांना दिसते. मखमलीला दिशा असते, हात फिरवून लव कुठल्या बाजूला बसते ते बघा आणि सगळ्या सीट्सवर मागून पुढे अशीच ठेवा, नाहीतर एकाच थानातलं कापड दोन रंगांचं वाटतं.

पडद्याचं कापड सीटला लावू नका, कितीही सुंदर असलं तरी. पडदा नुसता लटकतो, सीट रोज घासली जाते. सोफ्याच्या कापडाच्या सँपल बुकमध्ये मागे बघाल तर 'मार्टिनडेल' म्हणून एक आकडा लिहिलेला असतो, ती घासण्याची टेस्ट आहे, मशीनवर लोकरीच्या कापडाने ते कापड घासत राहतात आणि किती वेळा घासल्यावर धागे तुटतात ते मोजतात. घरातल्या रोजच्या वापराला २०,००० च्या पुढचं घ्या. रेक्झिन हवं असेल तर पीयू आणि पीव्हीसी असे दोन प्रकार मिळतात, पीयू हाताला जास्त छान पण दमट हवेत काही वर्षांनी पापुद्रे सुटतात, पीव्हीसी दणकट पण जुनं झालं की कडक होऊन तडकतं. लहान मुलं असतील तर पुसायला रेक्झिन सोपं, उकाड्यात बसायला नको वाटतं. ज्याचं त्याने ठरवावं.

कापड लावायच्या आधी इस्त्री. घडीची रेघ ओढून जात नाही, ती तशीच राहते.

कापड उलटं अंथरा, त्यावर सीट उलटी, आणि कापडाचे उभे आडवे धागे फळीच्या कडेला समांतर आहेत ना ते बघा. मग पुढच्या बाजूला मधोमध एक पिन, समोर मागच्या बाजूला ओढून एक, मग डावी उजवी. आता सीट सुलटी करून बघा. सगळं सरळ असेल तर मधून कोपऱ्यांकडे जायचं, एकदा या बाजूला दोन-तीन पिना मग समोरच्या बाजूला तेवढ्याच, एकच बाजू पूर्ण करून टाकली तर कापड तिरकं खेचलं जातं. कोपऱ्याच्या दोन इंच अलीकडे थांबायचं. ताण किती द्यायचा हे सांगणं अवघड आहे पण कापड ढोलकीसारखं ताणायचं नाही एवढं लक्षात ठेवा, कडेला पिनेपाशी धागे ओढले जाऊन खळगे दिसायला लागले की जास्त झालं. तळहाताने मधून बाहेर कापड सारत न्यायचं, बोटांनी खेचायचं नाही.

पिना १२ मिमीच्या प्लायला ८ किंवा १० मिमी लांबीच्या पुरतात. साधी हाताची स्टेपल गन असेल तर ती दुसऱ्या हाताने वरून दाबून धरा, नाहीतर धक्क्याने ती उचलली जाते आणि पिन अर्धी वर राहते. दोन-तीन सीट्स झाल्या की मनगट बोलायला लागतं. सगळ्या एका दिवसात करायची घाई नको.

कोपरा. चौकोनी कोपरा असेल तर आधी कापडाचं टोक सरळ फळीच्या मध्याकडे ओढून एक पिन मारायची. आता दोन्ही बाजूंना मोकळं कापड उभं राहतं. एका बाजूचं आत दाबून सपाट करायचं, आणि दुसऱ्या बाजूची घडी अशी घालायची की तिची रेघ बरोब्बर कोपऱ्याच्या उभ्या धारेवर येईल, घडी नखाने दाबायची, ओढायची, पिन. आत गठ्ठा होत असेल तर घडी उघडून आतलं जास्तीचं कापड कापा, पण पिनेपर्यंत कापू नका, अर्धा इंच ठेवा. सगळ्या सीट्सना घडी एकाच बाजूला वळवायची, समोरून बघताना दिसेल अशी नाही, बाजूला. गोल कोपरा असेल तर एक मोठी घडी न घालता बारीक बारीक चुण्या, आधी मधली मग तिच्या दोन्हीकडे, सगळ्या फळीच्या खालीच संपल्या पाहिजेत, वर एकही दिसता कामा नये. रेक्झिन कोपऱ्यात वळत नसेल तर हेअर ड्रायरने जरा गरम करा, एकदम ऐकायला लागतं.

पूर्वीचे कारागीर हे सगळं पिनांऐवजी बारीक चुकांनी, म्हणजे छोट्या खिळ्यांनी करायचे, मूठभर चुका तोंडात धरून एकेक जिभेने पुढे आणायची आणि लोहचुंबकाच्या हातोडीने ओठांवरून उचलून थेट ठोकायची. आपण स्टेपल गनवर खूश राहू.

सीट फ्रेमच्या खाचेत बसणारी असेल तर एक काळजी. नवीन कापड जुन्यापेक्षा जाड असेल, त्यात मांजरपाट, त्यात कोपऱ्याच्या घड्या, की सीट खाचेत घट्ट होते. ठोकून बसवू नका. जुन्या खुर्च्यांचे सांधे यानेच उघडतात. फळी चारी बाजूंनी जराशी घासून बारीक करा, आणि हे कापड लावायच्या आधी बघा, चारी बाजूंना कापडाच्या जाडीएवढी फट राहायला हवी.

शेवटी खालून ते काळं पातळ कापड, सगळे गाळतात ते. त्याने कापलेल्या कडा झाकतात आणि फोमची पूड फरशीवर पडत नाही. फळीला हवेसाठी भोकं पाडली असतील तरी चालतं, यातून हवा जाते. स्क्रूची भोकं कुठे आहेत ते टोचणीने शोधून तिथे कापडाला छोटा छेद द्या, नाहीतर स्क्रू फिरताना धागा गुंडाळून घेतो आणि वरचं कापड पण ओढतो. चारही स्क्रू आधी अर्धे लावायचे, मग फिरून पूर्ण. थोड्या दिवसांनी परत एकदा आवळायचे, फोम आणि कापड बसतं आणि स्क्रू ढिले होतात.

स्प्रिंगची बैठक, बटणं मारलेली पाठ किंवा वेताची विणलेली सीट असेल तर वरचं काही लागू पडत नाही, ती कामं वेगळी आहेत आणि मी तरी ती कारागिराकडेच देईन. पण तिथे फोम असेल तर वरचं एवढं तरी उपयोगी पडेल, फोमची डेन्सिटी विचारा आणि समोर वजन करून मागा.